अर्ध्या तासाचा चित्रपट, सात वर्षांचा हंगाम



या पानांवर आपण नेहमी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, पाणीपाळ्या आणि खताच्या मात्रा वाचता. या वेळी विषय जरा लांबचा घेतला आहे. अमेरिकेतल्या शिकागो शहरात तीन मित्रांनी पदरमोड करून एक खेळाचा माहितीपट काढला, त्याची ही हकीकत आहे. उसाचा आणि बास्केटबॉलचा काय संबंध, असं कोणी म्हणेल. पण पैसा कुठून आला, मेहनत कोणी केली आणि शेवटी वाटणी कशी झाली, हे तिन्ही प्रश्न त्यात आहेत. आणि वाटणीचा प्रश्न आला की सभासदाचे कान टवकारतात, हा आपला अनुभव आहे.

माहितीपटाचं नाव ‘हूप ड्रीम्स’. हूप म्हणजे कडं. बास्केटबॉलच्या मैदानात दहा फूट उंचीवर लोखंडी कडं टांगलेलं असतं आणि चेंडू त्यातून घालायचा असतो. शिकागोच्या गरीब काळ्या वस्त्यांतल्या पोरांना त्या कड्यातून थेट लाखो डॉलरच्या व्यावसायिक संघाचा दरवाजा दिसतो. दिसतो हजारोंना, उघडतो एखाद्यालाच.

तिघा मित्रांची नावं स्टीव्ह जेम्स, फ्रेडरिक मार्क्स आणि पीटर गिल्बर्ट. पहिले दोघे दक्षिण इलिनॉय विद्यापीठात चित्रपटकलेचे विद्यार्थी होते, तिथेच त्यांची गाठ पडली. जेम्सला स्वतःला बास्केटबॉलचं वेड. सुटीच्या वेळी मैदानावर जमेल त्या गड्यांबरोबर खेळता खेळता त्याच्या डोक्यात आलं, की रस्त्यावरच्या या खेळावर एक छोटासा चित्रपट काढावा. अर्ध्या तासाचा, सार्वजनिक दूरदर्शनवर दाखवता येईल एवढाच. गिल्बर्ट हा छायालेखक पुढे येऊन मिळाला.

ते शिकागोतल्या कार्टेमक्विन फिल्म्स या संस्थेकडे गेले. ही संस्था १९६६ साली तीन माणसांनी काढली आणि तिघांच्या आडनावांचे तुकडे जोडून तिचं नाव केलं : कार्टर, टेमेनर आणि क्विन. कष्टकऱ्यांच्या संपावर, वस्त्यांच्या प्रश्नांवर चित्रपट काढणारी, नफा न कमावणारी ही संस्था. तिच्याकडे खोली होती, अनुभव होता, यंत्रं होती, तिजोरी नव्हती.

पहिलं भांडवल म्हणून इलिनॉय राज्याच्या कला मंडळाने त्यांना दोन हजार डॉलर दिले. त्या काळच्या भावाने आपले सव्वीस हजार रुपये. अमेरिकेत एवढ्या रकमेत चित्रपट काढणं म्हणजे एका पोत्यात दहा एकर रान उरकण्यासारखं. साधी फिल्म वापरणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी व्हिडिओवर चित्रण केलं. पोटासाठी दुसऱ्यांची कामं करायची आणि सवड मिळाली की कॅमेरा घेऊन पोरांकडे जायचं, असा पहिली दोन-तीन वर्षं खाक्या होता.

दोन पोरं

मैदानावर एक गृहस्थ भेटले. ते हिंडून गुणी पोरं हेरीत आणि चांगल्या शाळांना कळवीत. बाजारात चांगला खोंड पारखणारे जाणते असतात ना, तशातले. त्यांनी आर्थर एजी नावाच्या चौदा वर्षांच्या पोराकडे बोट दाखवलं. आर्थर शिकागोच्या पश्चिमेकडच्या वस्तीतला. दुसरा विल्यम गेट्स. तो कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी चाळींतला. दोघांनाही शहराबाहेरच्या वेस्टचेस्टर गावातल्या सेंट जोसेफ या खाजगी शाळेने खेळासाठी उचललं. त्याच शाळेतून इसाया थॉमस हा नामांकित खेळाडू निघाला होता. आर्थरला त्याची भेटही घडवून आणली, आणि पोरगं हरखून गेलं.

घर ते शाळा जायला दीड तास, यायला दीड तास. १९८७ साली दोघे शाळेत दाखल झाले आणि तिथेच अर्ध्या तासाच्या चित्रपटाचा बेत मोडला. मित्रांच्या लक्षात आलं की गोष्ट मैदानावर नाही, ती या दोन घरांत आहे. ही पोरं शाळा पूर्ण करीपर्यंत त्यांच्या मागे राहायचं. म्हणजे चार वर्षं. आपला आडसाली ऊससुद्धा अठरा महिन्यांत काट्यावर येतो. इथे पिकाला चार वर्षं लागणार होती आणि उगवेल की नाही याची हमी कोणीच देत नव्हतं.

शाळेची शिष्यवृत्ती होती, पण ती अर्धीमुर्धी. उरलेली फी घरच्यांनी भरायची. विल्यम पहिल्याच वर्षी मुख्य संघात चमकला. त्याच्या वाट्याची फी एका मोठ्या प्रकाशन कंपनीच्या अधिकारी बाईंनी उचलली, पुढे सुटीत कामही दिलं. आर्थर मात्र उंचीने कमी आणि खेळात अजून कच्चा, लहान मुलांच्या संघातच राहिला. त्याच्यासाठी कोणी दाता पुढे आला नाही. अशात शाळेने फी वाढवली, बापाची नोकरी गेली, थकबाकी झाली आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर आर्थरला शाळेतून काढलं.

आता शाळेची बाजू नाही असं नाही. खाजगी शाळा फीवरच चालते, हे आपणही जाणतो. पण पोराला वस्तीतून तीन तासांच्या प्रवासाला लावलं कोणी? खेळ दिसला म्हणून बोलावलं, खेळ वाढायच्या आत परत पाठवलं. एकाच रानात शेजारी-शेजारी दोन सऱ्या. एकीला पाटाचं पाणी आणि दुसरीचं दार बंद. मग दुसरी सरी वाळली की लोक म्हणायला मोकळे, बेणंच हलकं होतं.

इथे तिघा मित्रांपुढे खरा पेच आला. आर्थर आता वस्तीतल्या मार्शल या सरकारी शाळेत गेला होता. तिथे ना नाव, ना झगमग. व्यवहार बघणाऱ्या माणसाने त्याला चित्रपटातून गाळलं असतं आणि सगळी मदार विल्यमवर ठेवली असती. या तिघांनी दोघांनाही धरून ठेवलं. माझ्या मते तो चित्रपट जगला तो या एका निर्णयावर. पडलेल्या गड्याजवळ कॅमेरा थांबला नसता, तर आणखी एका यशस्वी खेळाडूची आणखी एक तारीफ तयार झाली असती आणि एव्हाना विसरलीही गेली असती.

घरातला अंधार

आर्थरच्या घरची पुढची वर्षं फार वाईट गेली. बाप व्यसनात बुडाला, तुरुंगात जाऊन आला. आईला कंबरदुखीमुळे काम सोडावं लागलं. घर सरकारी मदतीवर आलं आणि तीही मध्ये काही काळ बंद पडली. एके दिवशी बिल थकलं म्हणून कंपनीने वीज तोडली. चित्रपटात ते अंधारं घर दिसतं. आई कॅमेऱ्याकडे बघून विचारते, की एवढ्या पैशात माणसं जगतात तरी कशी, हे तुम्हाला कधी प्रश्न पडत नाही का? हे बोलताना ती रडत नाही. बघणाऱ्यालाच खाली बघावं लागतं.

समोर माणूस अडचणीत असताना कॅमेरा चालू ठेवायचा की बंद करून हात द्यायचा? माहितीपट काढणाऱ्यांत हा जुना वाद आहे. काहींचं म्हणणं, आपण फक्त पाहायचं, ढवळाढवळ करायची नाही. तिघांनी त्या घरात पुन्हा दिवे लागावेत म्हणून हातभार लावला. शास्त्रात बसतं की नाही ते पंडितांनी ठरवावं. ज्याच्या घरी चार वर्षं चहा प्यायला, त्याच्या घरात अंधार ठेवून परत जाणारा माणूस आपल्या गावात तरी कोणी उंबऱ्यात घेणार नाही.

याच आईने पुढे शुश्रूषा साहाय्यक होण्याचा अभ्यास घेतला. निकालाच्या दिवशी तिला कळतं की वर्गात आपण पहिल्या आलो. त्या वेळचा तिचा चेहरा बघण्यासारखा आहे. बास्केटबॉलच्या चित्रपटात सर्वांत मोठा विजय एका मध्यमवयीन बाईचा व्हावा, आणि तोही रिकाम्या खुर्च्यांच्या लहानशा खोलीत! तिघे जर फक्त सामन्यांच्या दिवशी गेले असते, तर हा क्षण हुकला असता. आर्थरला अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा तिने केक केला. त्या वस्तीत पोरगा अठरा वर्षांचा होईपर्यंत जिवंत राहिला हीच आनंदाची बाब, अशा अर्थाचं ती बोलते.

आणि आर्थर? मार्शल शाळेत त्याचा खेळ उमलला. १९९१ साली त्या सरकारी शाळेचा संघ आर्थरच्या जोरावर राज्य स्पर्धेत गेला आणि तिसरा आला. सेंट जोसेफ तिथवर पोचली नाही.

विल्यमची कथा उलटी. त्याचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, परत खेळायला उतरला, परत दुखावला. वरून कॉलेजप्रवेशाची परीक्षा. खेळाची शिष्यवृत्ती मिळण्यासाठी अठरा गुण लागत आणि त्याला ते पुनःपुन्हा बसूनही मिळेनात. अखेर साडेसतरा पडले, ते पूर्ण धरून अठरा झाले. अर्ध्या गुणाने पोरगा मार्केट विद्यापीठात गेला. पण तोपर्यंत खेळातली गोडीच ओसरली होती. व्यावसायिक खेळाडू झालास की आम्हाला विसरू नकोस, असं सगळे त्याला म्हणत. शेवटी तो म्हणतो, मी उलट त्यांना सांगायला हवं होतं, की मी तिथवर पोचलो नाही तर तुम्ही मला विसरू नका.

शिबिराचा एक प्रसंगही सांगितला पाहिजे. एका बूट कंपनीने देशभरातली शंभरएक निवडक पोरं उन्हाळी शिबिराला बोलावली होती, त्यात विल्यम होता. सभोवार विद्यापीठांचे प्रशिक्षक बसलेले, हातात कागद, नजर पोरांच्या पायांवर. चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली तिथे येऊन पोरांना स्पष्ट बजावतात, की तुम्हाला इथे बोलावलंय ते संघ जिंकावेत आणि शाळांना पैसा मिळावा म्हणून. हा सगळा पैशाचा मामला आहे. आपण जनावरांच्या बाजारात दात मोजणारे लोक पाहिलेत. आपल्याला ते दृश्य समजावून सांगायला नको.

उतारा

चित्रण संपलं तेव्हा अडीचशे तासांच्या फिती जमल्या होत्या. त्यातून चित्रपट निघाला दोन तास एकावन्न मिनिटांचा. हिशेब केला तर उतारा शेकडा सव्वाचासुद्धा पडत नाही. आपल्याकडे असा उतारा लागला तर शेतकी अधिकाऱ्याला गावात पाय ठेवता येणार नाही! पण या धंद्यात मळीच जास्त निघते. संकलनालाच मोठा काळ लागला. मध्यंतरी मिनेसोटातल्या सार्वजनिक दूरदर्शन केंद्राने साथ दिली आणि पुढे मॅकआर्थर प्रतिष्ठानचं अनुदान मिळालं, म्हणून गाडा हलला. एकूण खर्च सात लाख डॉलरच्या घरात गेला, असं सांगतात. सुरुवातीचे दोन हजार आठवा.

१९९४ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात चित्रपट दाखवला आणि प्रेक्षकांच्या पसंतीचं पारितोषिक त्याला मिळालं. शिकागोचेच दोन समीक्षक, जीन सिस्केल आणि रॉजर एबर्ट, यांनी वितरक मिळण्याच्याही आधी आपल्या दूरदर्शन कार्यक्रमात त्याची वाखाणणी केली. त्याच वर्षी न्यूयॉर्क महोत्सवाचा समारोप या चित्रपटाने झाला. तिथे समारोपाचा मान माहितीपटाला पहिल्यांदाच मिळाला. ऑक्टोबरात तो चित्रपटगृहांत लागला आणि एकट्या अमेरिकेत सत्तर लाख डॉलरच्या वर गल्ला जमला. तीन तासांचा माहितीपट तिकीट काढून बघायला लोक रांग लावतील, हे कोणाच्या स्वप्नात नव्हतं.

ऑस्करचा प्रकार मात्र ऐकण्यासारखा आहे. माहितीपटांच्या निवड समितीत त्या काळी अशी रीत होती, की चित्रपट नापसंत असेल त्या सभासदाने अंधारात पडद्यावर विजेरीचा प्रकाश टाकायचा. पुरेशा विजेऱ्या लागल्या की प्रक्षेपण बंद. ‘हूप ड्रीम्स’ अर्ध्या तासाच्या आतच बंद पाडला गेला, असं एबर्ट यांनी लिहून ठेवलं आहे. सात वर्षांचं काम आणि त्यातली काही मिनिटं बघून निकाल! माहितीपटाच्या विभागात त्याला नामांकनही मिळालं नाही. मिळालं ते फक्त संकलनासाठी. एवढा गवगवा झाला, की ऑस्करवाल्यांना निवडीची पद्धत बदलावी लागली. वजनकाट्याबद्दल ओरड झाली की काटा तपासावाच लागतो, मग तो हॉलिवूडचा का असेना. पुढे २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात जतन करण्यासाठी या चित्रपटाची निवड झाली.

स्तुतीबरोबर दावाही आला. आपलं चित्र वाईट रंगवलं, अशी तक्रार करून सेंट जोसेफ शाळा आणि तिचे प्रशिक्षक जीन पिंगाटोर कोर्टात गेले. प्रकरण पुढे आपसात मिटलं. पिंगाटोर त्यानंतरही त्याच शाळेत शिकवत राहिले, हजारावर सामने जिंकले आणि २०१९ साली वारले. शाळा २०२१ साली बंद पडली.

वाटणी

आता ज्यासाठी ही सगळी हकीकत सांगितली, त्या मुद्द्याकडे येतो. चित्रपट चालला, पैसा आला. तो कोणाचा? साधा रिवाज असा, की कॅमेरा ज्याचा, चित्रपट त्याचा. ज्याचं घर दाखवलं, ज्याच्या आईचे हाल दाखवले, त्याचे आभार मानायचे आणि मोकळं व्हायचं. पत्रकारितेच्या नावाखाली हा रिवाज जगभर चालतो.

या मित्रांनी दोन्ही कुटुंबांना नफ्यात वाटा दिला. पण तो लगोलग देता येईना. अमेरिकेत त्या काळी कॉलेजकडून खेळणाऱ्या मुलाला खेळाच्या नावावर पैसा घ्यायला सक्त मनाई होती; घेतला तर त्याची खेळण्याची पात्रता जाई. गंमत बघा, प्रशिक्षकाला पगार, विद्यापीठाला तिकिटांचा पैसा, बूट कंपनीला जाहिरात आणि घाम गाळणाऱ्या पोराला मात्र हात लावायची बंदी. ऊस पिकवणाऱ्याने साखर चाखली तर त्याचं सभासदत्व रद्द, असा हा न्याय! तो नियम सैल व्हायला २०२१ साल उजाडलं. तोवर आर्थर आणि विल्यम यांची पोरंबाळं मोठी झाली होती. त्यांचा स्वतःचा वाटा त्यांची कॉलेजं आटोपल्यावर त्यांच्या हाती पडला.

रक्कम मिळाली म्हणून दुःखं टळली नाहीत. विल्यमचा थोरला भाऊ, जो स्वतः एके काळी नावाजलेला खेळाडू होता आणि धाकट्यात आपलं हुकलेलं नशीब बघत होता, २००१ साली मारला गेला. आर्थरचे वडील व्यसनातून सावरून धर्माच्या वाटेला लागले होते. २००४ साली त्यांचाही खून झाला. व्यावसायिक संघात दोघांपैकी कोणीच पोचला नाही. विल्यम मार्केटची पदवी घेऊन पुढे धर्मोपदेशक झाला. आर्थर आधी मिसुरीतल्या एका लहान कॉलेजात, मग आर्कान्सा राज्य विद्यापीठात खेळला, आणि नंतर वस्तीतल्या मुलांनी शिकावं यासाठी त्याने आपल्या नावाने संस्था काढली.

स्टीव्ह जेम्स माहितीपटच काढत राहिला. एबर्ट यांच्यावरचा चित्रपट त्यानेच २०१४ साली केला; एबर्ट त्याच्या आदल्या वर्षी वारले होते, पण आजारपणातलं शेवटचं चित्रण त्यांनी जेम्सला मोकळेपणाने करू दिलं. माहितीपटाच्या विभागातलं ऑस्कर नामांकन जेम्सला मिळालं ते २०१८ साली, न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या एका लहान कौटुंबिक बँकेवरच्या चित्रपटासाठी. मोठ्या बँका सुटल्या आणि ही एकटी बँक खटल्यात ओढली गेली, असा तो विषय. आपल्या पतसंस्थांच्या संचालकांनी तोही जरूर पाहावा. कार्टेमक्विन संस्थेने २०१६ साली पन्नाशी गाठली.

‘हूप ड्रीम्स’ इंग्रजीत आहे आणि लांब आहे, पण गावात एखादं कॉलेजला जाणारं पोरगं शेजारी बसवलं तर सहज समजेल. आर्थरची आई बोलते तेव्हा तर भाषांतर लागतच नाही.